थोड्यांच्या आजारासाठी धावताना

गेल्या अंकात मी आमच्या धावेविषयी लिहिलं होतं. पाच किलोमीटरची, धावा नाहीतर चाला अशी ही सार्वजनिक धाव आम्ही काही जण चौदा वर्षं भरवतो आहोत. जमलेल्या देणग्यांचे दोन वाटे होतात. एक दुर्मीळ कर्करोगांवरच्या संशोधनाला जातो, दुसरा आजारपणामुळे शिक्षण अडलेल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला. माझा धाकटा भाऊ ऑस्टिओसार्कोमाने, म्हणजे हाडाच्या कर्करोगाने, एकोणिसाव्या वर्षी गेला. त्याच्यामुळे हे सुरू झालं. त्या लेखावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं प्रश्नोत्तरांचं सदर माझ्याकडे सोपवलं. नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण पत्रांत घरचं बरंच काही होतं.

ताई, आम्ही मित्रमंडळी यंदा पहिल्यांदाच अशी धाव भरवतोय. देणगी मागायला गेलं की लोक विचारतात, "स्तनाचा, फुप्फुसाचा कर्करोग इतक्या जणांना होतो. तो सोडून लाखात दोन-चार जणांना होणाऱ्या आजारासाठी पैसे कशाला?" मला उत्तर सुचत नाही. काय सांगू? (पहिल्याच वर्षी गोंधळलेला आयोजक)

आधी एक सांगते, हा प्रश्न विचारणाऱ्यावर चिडू नका. बहुतेकदा त्याच्याही घरात कुणाला तरी कर्करोग झालेला असतो, आणि आपलं माणूस मागे पडेल ही धास्ती त्या प्रश्नामागे असते.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आकडे मांडून दाखवायची सवय आहे, तेच इथे करते. युरोपात वर्षाला लाख लोकांमागे सहापेक्षा कमी जणांना होणारा कर्करोग दुर्मीळ धरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हीच रेघ पंधरावर ओढली आहे. एकेक आजार सुटा पाहिला तर रुग्ण मूठभर. पण असे आजार दोनशेच्या आसपास आहेत. सगळ्यांची बेरीज केली की युरोपात नव्याने सापडणाऱ्या कर्करुग्णांपैकी पाचात एकाहून जास्त जण या गटातले निघतात. म्हणजे ज्याला आपण लाखात एक म्हणतो, तो बेरजेत पाचात एक होतो. फळ्यावर हे लिहिलं की वर्ग गप्प व्हायचा.

दुसरा आकडा जास्त बोचतो. युरोपातल्या रुग्णनोंदींचा मोठा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या कर्करोगांत पाच वर्षांनंतर जगण्याचं प्रमाण 65 टक्के निघालं, दुर्मीळ कर्करोगांत 47. आजार विरळा असणं हेच त्या रुग्णाच्या जिवावर उठतं.

कसं, ते माझ्या भावाच्या उदाहरणाने सांगते. गुडघ्याच्या वर दुखायला लागलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वाढीचं वय, त्यात खेळणारा मुलगा. मुरगळला असेल म्हणून पट्टी बांधली, शेक दिला, मलम चोळलं. ज्या डॉक्टरांकडे गेलो ते मनापासून बघणारे होते, पण हा आजार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. रात्री तो दुखण्याने जागा व्हायचा, हेही आम्ही सांगितलं होतं. एक्स-रे निघाला चार महिन्यांनी. (हे वाचणाऱ्या आईवडिलांना इथेच सांगून ठेवते. वाढत्या वयातल्या मुलाचं हाड काही आठवडे सतत दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तिथे सूज असेल, तर एक्स-रे काढून घ्या. बहुतेक वेळा काही निघत नाही. तरी काढून घ्या.)

निदानाला उशीर, मग कुठला उपचार चांगला याचा पुरावाही तोकडा. नव्या औषधाची नीट चाचणी घ्यायची तर पुष्कळ रुग्ण लागतात, आणि एका देशात तेवढे वर्षभरात जमतच नाहीत. म्हणून पाच-दहा देशांतली रुग्णालयं एकत्र यावी लागतात, त्यात वर्षं जातात. औषध कंपनीला गिऱ्हाईक थोडं दिसतं. प्रयोगशाळेला गाठींचे नमुने थोडे मिळतात. नमुने थोडे म्हणून त्या आजारावर काम करायला नवीन माणूस धजत नाही, आणि माणूस नाही म्हणून नमुने कुणी जपून ठेवत नाही.

आणि त्या देणगीदाराला हेही सांगा की थोड्यांच्या आजारातून पुष्कळांना मिळालेलं आहे. 1971 मध्ये आल्फ्रेड नडसन या डॉक्टरांनी रेटिनोब्लास्टोमाचा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाचा अभ्यास मांडला. अवघ्या 48 रुग्णांच्या नोंदी. काही मुलांना दोन्ही डोळ्यांत गाठी, त्याही अगदी लवकर. काहींना एकाच डोळ्यात, जरा उशिरा. वय आणि संख्या यांचा आलेख काढून त्यांनी अनुमान केलं की हा कर्करोग व्हायला पेशीवर दोन आघात व्हावे लागतात, आणि काही मुलं त्यांतला एक जन्मतःच घेऊन येतात. पुढे कळलं की हे दोन आघात म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडणं. ते जनुक 1986 मध्ये हाती लागलं. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांतलं ओळखलं गेलेलं ते पहिलं. हाच लगाम फुप्फुसाच्या एका कर्करोगात तुटलेला असतो, आणि पुष्कळदा ऑस्टिओसार्कोमातही. 48 नोंदी आणि एक आलेख! मी हे दरवर्षी वर्गात सांगायचे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भावाचा एक्स-रे असायचा.

इमॅटिनिब या औषधाचंही तसंच. 2001 मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं ते रक्ताच्या एका विरळा कर्करोगासाठी. पेशीला सतत वाढायचा हुकूम देणाऱ्या एका प्रथिनाला ते नेमकं अडवतं. पुढच्याच वर्षी ते पचनमार्गातल्या जीआयएसटी नावाच्या गाठीवरही मंजूर झालं. हाही दुर्मीळ आजार, आणि नेहमीच्या केमोथेरपीला न बधणारा. अशी नेमकी जागा हेरून औषध करता येतं हा भरवसा त्यातून बळावला, आणि आज नेहमीच्या कर्करोगांवरची कितीतरी औषधं त्याच वाटेने येतात.

एवढं सगळं दारात उभं राहून सांगता येणार नाही, ते मलाही कळतं. "पाचात एक" एवढं सांगा आणि पुढचं त्यांनी विचारलं तर बोला.

आमच्या धावेला पाच-सहाशे लोक येतात. एक औषध तयार करायला किती अफाट खर्च येतो ते ऐकून आहे. मग आमच्या पैशाने काय होणार? आणि द्यायचे तरी कुणाला? (समितीचा खजिनदार)

औषध तयार करणं तुमचं काम नाही, असं स्वतःला एकदा नीट सांगा म्हणजे दडपण जाईल. औषधापर्यंत जाणाऱ्या वाटेवर अगदी सुरुवातीला एक तुकडा असा असतो जिथे कुणीच पैसे घालत नाही. मोठा निधी देणाऱ्या संस्था आधी विचारतात, "तुमच्या हातात काही पुरावा आहे का?" आणि तो पुरावा गोळा करायलाच पैसे नसतात. लहान धावांचे पैसे तिथे उपयोगी पडतात.

आम्हाला हे कळायला वेळ लागला. पहिली दोन वर्षं आम्ही सगळी रक्कम "कर्करोग संशोधन" एवढंच लिहून एका मोठ्या निधीत भरली. पावती आली. पुढे काहीच आलं नाही. तिसऱ्या वर्षी धावेच्या सकाळी एका आजींनी मला विचारलं, "गेल्या वर्षीच्या पैशाचं काय केलंत गं?" माझ्याकडे सांगायला पावतीचा क्रमांक होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण ती शरम मी विसरलेले नाही.

त्यानंतर मी आणि आमच्यातले दोघं सार्कोमावर, म्हणजे हाडं, स्नायू अशा भागांत होणाऱ्या कर्करोगांवर, काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेलो आणि सरळ विचारलं, "तुमचं काम कशासाठी अडलंय?" आम्हाला वाटलं, एखादं मोठं यंत्र सांगतील. त्यांनी एक फ्रीझर दाखवला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे उणे ऐंशी अंश सेल्सिअसला ठेवतात, आणि तो फ्रीझर काठोकाठ भरला होता. नवीन नमुना आला तर ठेवायला जागा नाही. दुसरं अडलेलं काम म्हणजे दूरच्या रुग्णालयातून नमुना वेळेत, गोठलेल्या स्थितीत आणण्याचा खर्च. तिसरं, एका तरुण संशोधिकेचं वर्षभराचं मानधन. तिचा निधी संपत होता, आणि ती गेली असती तर तिने वाढवलेल्या पेशी सांभाळायला कुणी नव्हतं. ही तिन्ही कामं धावेच्या पैशात बसणारी होती.

कुणाला द्यायचे हे मात्र तुमच्या समितीने स्वतः ठरवू नये. आपल्याला त्यातलं कळत नाही, आणि ओळखीच्या डॉक्टरांना द्यावंसं वाटतं. अर्ज मागवा, एक-दोन पानांचे, आणि त्या प्रयोगशाळांशी संबंध नसलेल्या दोन-तीन जाणकारांकडून तपासून घ्या. रक्कम फारच लहान असेल तर त्याच आजारासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या गटाबरोबर मिळून एकच निधी द्या. आणि एक अट अर्जातच छापा: वर्षाच्या शेवटी काय केलं ते कुणालाही समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं. जमलं नाही तर तसंही लिहायचं. आमच्याकडे आलेल्या अहवालांत "पेशी जगल्या नाहीत" असं लिहिलेले दोन आहेत. ते आम्ही जसेच्या तसे धावेच्या सकाळी मोठ्याने वाचले. लोकांनी देणगी कमी केली नाही.

थोड्या नमुन्यांत काय दडलेलं असू शकतं त्याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. एलाना सायमन या अमेरिकन मुलीला बाराव्या वर्षी फायब्रोलॅमेलर नावाचा यकृताचा कर्करोग झाला. हा मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण मुलामुलींना होतो, आधीचा यकृताचा कुठलाही विकार नसताना. शस्त्रक्रियेने ती वाचली. पुढे शाळेत असतानाच तिने ठरवलं की आपल्या आजाराच्या गाठींची जनुकं तपासायची. वडिलांची प्रयोगशाळा होती, शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर बरोबर होते, पण नमुने मिळवणं हीच खरी अडचण. रुग्णांपर्यंत पोचून नमुने जमवले. 2014 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला. तपासलेल्या पंधराच्या पंधरा रुग्णांच्या गाठींत एकच बिघाड होता: दोन जनुकांमधला तुकडा गळून ती एकमेकांना जोडली गेली होती. पंधराच रुग्ण, पण त्यानंतर त्या आजाराच्या संशोधनाला नेमकं लक्ष्य मिळालं.

पंधरा नमुने कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून हे झालं. तुमच्या पाचशे माणसांना सांगा, आपण फ्रीझरसाठी धावतोय. लोकांना ते कळतं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. तेराव्या वर्षी मला सार्कोमा झाला होता, आता बरी आहे. ज्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरतेय त्यांत "तुमच्या आजाराची प्रेरणादायी कहाणी लिहा" असं आहे. मला ती लिहायची नाही. मला भूगर्भशास्त्र शिकायचंय आणि दगडांबद्दल लिहायचंय. असं लिहिलं तर नापास करतील का? (दगड गोळा करणारी)

बाळा, तुला दगडांबद्दल लिहायचंय ना, मग दगडांबद्दलच लिही. आजाराचं एक वाक्य घाल, तारखेसकट, म्हणजे मधलं वर्ष कुठे गेलं ते तपासणाऱ्याला कळेल. बाकीचा कागद तुझा. पत्रात तू नदीच्या वाळूतल्या गारगोट्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आहेस. त्या वाचून मला तू दिसलीस, आणि तपासणारा शहाणा असेल तर त्यालाही दिसशील.

असे अर्ज आम्हीही छापले होते, म्हणून मला तुझी माफी मागावीशी वाटते. सुरुवातीची तीन वर्षं आम्ही मुलांना मंचावर बोलवायचो, आणि आपली गोष्ट सांगायला लावायचो. एका वर्षी सोळा वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या आजाराबद्दल बोलता बोलता थांबला. कागदाकडे बघत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला धीर यावा म्हणून. तो खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, आता झालं ना? फी भरली जाईल ना?" त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही त्याला ते पैसे दुःखाच्या बदल्यात दिले होते.

आता आमच्या अर्जात तीन प्रश्न आहेत. काय शिकायचंय, कशामुळे अडलंय, आणि नेमकी कशाला मदत हवी. वैद्यकीय कागद फक्त एक जण बघतो, निवड करणाऱ्यांना तो दाखवत नाही. नाव काढून अर्ज वाचतात. फोटो नाही, मंच नाही, धावेला यायची सक्ती नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची. माझ्या भावाला महाविद्यालयात शिष्यवृत्ती होती. केमोमुळे त्याचं वर्ष गेलं, आणि शिक्षणात खंड पडला या नियमावर ती बंद झाली. पत्र दोन ओळींचं होतं. तो तेव्हा वॉर्डात होता, हाताच्या शिरेतून केमोचं लाल औषध चाललेलं, आणि आजारापेक्षा त्या पत्राने तो जास्त खचला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं. "म्हणजे मी परत येणार नाही असं त्यांनी धरूनच चाललंय," असं म्हणाला. म्हणून आमची शिष्यवृत्ती खंडाने तुटत नाही. तू मध्येच थांबलीस तर रक्कम तुझ्या नावाने थांबते, परत आलीस की परत सुरू. अर्ज भरताना हा नियम बघ. खंड पडला तर काय, हे आधी लेखी विचार. विचारायला लाजू नकोस.

आणि मदत म्हणजे केवळ फी असं धरू नकोस. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मिळालेल्या काही मुलांचं ऐकणं कमी होतं. आमच्याकडच्या एका मुलीने श्रवणयंत्र मागितलं, कारण वर्गात मागे बसलं की तिला शिकवलेलं कळत नव्हतं. एकाने पाय वाचवायच्या शस्त्रक्रियेनंतर प्रवासाचा खर्च मागितला. असलं काही तुझ्याही बाबतीत असेल तर लिही. ती कहाणी होत नाही, ती गरज असते.

संशोधन आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी एकाच धावेत कशाला? हिशेबाचा गोंधळ होतो. आणि खर्च किती टक्के असावा? (निवृत्त हिशेब तपासनीस)

हिशेबाचा गोंधळ होतो, हे अगदी बरोबर. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन खाती ठेवा, आणि देणगीच्या कागदावर दोन चौकोन छापा. देणारा खूण करील तिथेच पैसे जातील. खूण नसेल तर निम्मे निम्मे, आणि हे कागदावरच छापलेलं असू द्या. एका खात्यातून दुसऱ्यात उसने नाहीत, आठवड्यासाठीसुद्धा नाहीत.

खर्चाचं आमचं तत्त्व असं आहे की धाव भरवायचा खर्च नोंदणी शुल्कातून भागवायचा आणि देणगीला हात लावायचा नाही. शुल्क पुरलं नाही तर टी-शर्ट रद्द होतात, रुग्णवाहिका रद्द होत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याच्या वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे झटका देणारं यंत्र आणि छातीदाब देता येणारी माणसं मार्गावर ठिकठिकाणी हवीत. या खर्चात काटकसर मला मान्य नाही.

आणि दोन गोष्टी एकत्र का, तर माझ्या मते त्या दोन नाहीतच. विरळा आजारावर काम करणारी माणसंही विरळाच असतात. ती कुठून येणार? ज्या मुलामुलींनी तो आजार घरात पाहिलाय त्यांच्यातली काही येतील. आमच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांपैकी एक जण आज रोगनिदानशास्त्रात आहे, सूक्ष्मदर्शकाखाली गाठी ओळखतो. बाकीचे शिक्षक, चित्रकार, वायरमन झाले. तेही तितकंच चांगलं झालं. कॅनडातही, कर्करोगाने पाय गेल्यावर संशोधनासाठी धावलेल्या टेरी फॉक्सच्या नावाने 1981 मध्ये धाव सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी पुरस्कारही. तिथेही या दोन गोष्टी शेजारी आल्या.

मी फार हळू चालते. गुडघे बदललेत. सगळे संपवून घरी जातील आणि मी रस्त्यावर असेन, या भीतीने दरवर्षी नाव देत नाही. (एक आजी)

यंदा नाव द्या. आमच्या धावेत क्रमांक नाहीत, पदकं नाहीत, वेळ कुणी मोजत नाही. सगळ्यात शेवटी जो असेल त्याच्यामागून आमचे दोन स्वयंसेवक चालत येतात, आणि ते पोचल्याशिवाय शेवटची कमान उतरवायची नाही असा नियम आहे. गेल्या वर्षी शेवटी एक बाई होत्या, दोन केमोंच्या मधल्या आठवड्यात आलेल्या. डॉक्टरांना विचारून आल्या होत्या. पाच किलोमीटरना त्यांना दोन तास लागले. कमानीपाशी दीडशे माणसं थांबली होती. तुम्हीही डॉक्टरांना विचारा, आणि एक किलोमीटर चालून वळलात तरी चालेल.

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी ऑस्टिओसार्कोमाने गेला. लोक म्हणतात धावेला या, बरं वाटेल. मला नाही वाटत बरं वाटेल. आणि तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारतो, इतकी वर्षं इतके लोक धावले, त्याच्या आजाराचं काय झालं? (एक वडील)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खरं सांगते.

टेरी फॉक्सला तुमच्या मुलाचाच आजार होता. 1977 मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की वाचण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी ती पंधरा टक्के असती. हा फरक संशोधनाने केला, हे त्याच्या मनात बसलं. 12 एप्रिल 1980 ला कृत्रिम पायावर तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला. देशातल्या दर माणसामागे एक डॉलर गोळा करायचा होता. रोज जवळपास एका मॅरेथॉनएवढं अंतर तो धावला. 143 दिवस, 5,373 किलोमीटर. 1 सप्टेंबरला खोकला आणि छातीतलं दुखणं असह्य होऊन थांबला. आजार फुप्फुसात गेला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, बावीस वर्षांचा. एक डॉलरचं त्याचं लक्ष्य त्याच्या डोळ्यांदेखत पुरं झालं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. केमो येण्याआधी पाय काढूनही या आजारात पाचातला एखादाच वाचायचा. केमो आल्यावर, आजार पसरलेला नसेल तर, दहातले सहा-सात वाचू लागले. ही झेप सत्तर-ऐंशीच्या दशकांतली. त्यानंतर चाळीस वर्षांत तो आकडा फारसा हललेला नाही. आजही मुख्य औषधं तीच: मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन. तुमच्या मुलालाही बहुधा तीच दिली असतील. पाय न काढता हाड बदलायच्या शस्त्रक्रिया पुष्कळ सुधारल्या, आणि ते लहान नाही. पण फुप्फुसात गेलेल्या आजाराचं उत्तर अजून मिळालेलं नाही. मी चौदा वर्षं हे काम करते आणि हे वाक्य लिहिताना दर वेळी माझा हात थांबतो.

का हललं नाही, तर या आजाराच्या गाठीत गुणसूत्रांची मोडतोड इतकी असते, आणि ती प्रत्येक रुग्णात इतकी वेगळी, की इमॅटिनिबसारखं एकच लक्ष्य सापडत नाही. पुष्कळ गाठी शेजारी शेजारी ठेवून बघाव्या लागतात. त्यासाठी त्या जमवाव्या लागतात. त्यासाठी फ्रीझर लागतो, आणि तो सांभाळणारी तरुण माणसं. आमची धाव तेवढंच करते. चाळीस वर्षांचं कोडं आमच्या पैशाने सुटेल असं मी कुणाला सांगत नाही. ते ज्या नमुन्यांवर सुटेल त्यांतले काही आमच्या लोकांनी जपलेले असतील, एवढी माझी आशा आहे आणि ती मी सोडलेली नाही.

धावेला आल्याने बरं वाटेल का, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझी आई पहिली दोन वर्षं आली नाही. आम्ही निघालो की ती दार लावून घ्यायची. तिसऱ्या वर्षी सगळं संपल्यावर आली, टेबलं आवरायच्या वेळेला. कुणाशी बोलली नाही. रस्त्यावर पडलेले कागदी पेले उचलून एकात एक घालत राहिली, सगळा रस्ता साफ होईपर्यंत. त्यानंतर दरवर्षी त्याच वेळेला यायची. धाव तिने कधीच पाहिली नाही.

तुम्हाला यायचं असेल तर कुठल्याही वेळेला या. काही जण पाठीवर आपल्या माणसाचं नाव लिहिलेला कागद लावतात. नावाचं तुम्ही ठरवा. नाव नको असेल तर कोरा कागद लावून चालणारेही आमच्यात आहेत, त्यांना कुणी काही विचारत नाही. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी मी पुन्हा पत्र लिहीन.